प्रिंटरला नक्की कुठला आयपी द्यायचा आणि कुठून द्यायचा? दर सोमवारी ऑफलाइन!

रिकामा_ट्रे

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी नेटवर्कवाली वगैरे नाही, हिशेबाचं काम बघते, पण एकदा कुणाचातरी अडकलेला कागद काढून दिला आणि तेव्हापासून ऑफिसातला प्रिंटर माझ्याच गळ्यात पडलाय.

तर प्रकार असा आहे. आठ कॉम्प्युटर, एक मोठा लेझर प्रिंटर (प्रिंट, स्कॅन, कॉपी तिन्ही करणारा), प्रिंटर केबलने जोडलाय, वायफायने नाही. शनिवार रविवार राउटर सोडून सगळं बंद असतं. आणि सोमवारी सकाळी हमखास कुणीतरी ओरडतं, प्रिंटर ऑफलाइन! मी प्रिंटरच्या स्क्रीनवर जाऊन बघते तर आयपी (म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता) बदललेला. आधी १९२.१६८.१.९ होता, मग १.१४ झाला, मग १.२३. दरवेळी मी प्रत्येकाच्या मशीनवर जाऊन प्रिंटर नव्याने ॲड करत होते, त्यामुळे आता लोकांच्या यादीत एकाच प्रिंटरच्या चार चार कॉप्या दिसतात, कुणी कुठल्यालाही प्रिंट मारतं आणि मग मला येऊन विचारतं की माझे कागद कुठं गेले.

शेवटी वैतागून दोन आठवड्यांपूर्वी मी प्रिंटरच्या नेटवर्क सेटिंगमधे ऑटो काढून मॅन्युअल केलं आणि १९२.१६८.१.१० टाकला, लक्षात ठेवायला सोपा म्हणून. चार-पाच दिवस एकदम झकास चाललं. मग सोमवारपासून नवीनच नाटक. एकाच मशीनवरून एकदा प्रिंट जातं, थोड्या वेळाने जात नाही, मग परत जातं. आणि काल तर कहर झाला, मी प्रिंटर पूर्ण बंद केला, वायरसुद्धा काढली, आणि सहज म्हणून पिंग केलं (म्हणजे त्या पत्त्यावर कुणी आहे का अशी कॉम्प्युटरवरून हाक मारली) तर १.१० वरून उत्तर येतंय!! बंद प्रिंटर उत्तर कसा देतो?

तर मला एवढंच सांगा की नंबर कुठला टाकायचा, कुठलापण चालतो का, आणि तो प्रिंटरमधे टाकायचा की राउटरमधे, कारण एकाने हे सांगितलं आणि दुसऱ्याने ते.

जुनी_वायर

बंद प्रिंटर उत्तर देत नाही हो :) त्या पत्त्यावर दुसरंच कुणीतरी राहायला आलंय. तुम्ही केलेला तो पिंगचा प्रयोग एकदम बरोबर होता, अर्धं निदान तिथेच झालं.

काय झालंय ते सांगतो, जरा लांबण लागेल पण एकदा कळलं की परत विचारायची वेळ येणार नाही. तुमच्या राउटरमधे डीएचसीपी नावाची सोय चालू आहे. जो कुणी नेटवर्कवर येईल त्याला ती एक नंबर देते, पण भाड्याने, कायमचा नाही. त्या भाडेकराराला लीज म्हणतात. मशीन चालू असेल तर मुदत अर्धी झाली की ते स्वतःच राउटरला सांगतं की मी अजून इथेच आहे, वाढवून द्या, म्हणून दिवसरात्र चालू असलेल्या मशीनचा नंबर सहसा बदलत नाही. पण तुमचा प्रिंटर शुक्रवारी संध्याकाळी बंद होतो तो सोमवारी सकाळीच उठतो, म्हणजे साठेक तास झोपलेला. लीज एक दिवसाची असेल (बऱ्याच राउटरमधे तेवढीच असते) तर ती शनिवारीच संपली. सोमवारी माणसं येतात, त्यांचे मोबाइल आधी वायफायला चिकटतात, प्रिंटर कुणीतरी सावकाश चालू करतं, तोपर्यंत त्याची जागा गेलेली असते. त्याचा जुना नंबर मोकळा असता तर राउटरने बहुतेक तोच परत दिला असता. पण मोकळा राहिला तर ना.

आता तुमच्या १.१० चं. तुम्ही नंबर प्रिंटरला सांगितलात, राउटरला नाही. राउटरच्या वहीत १.१० रिकामाच आहे. काही राउटर नंबर द्यायच्या आधी पिंग करून बघतात की तिथे कुणी आहे का, पण त्या क्षणी तुमचा प्रिंटर बंद असेल तर बघून काय उपयोग. त्याने दिला तो नंबर दुसऱ्याला, आणि मग प्रिंटर उठून म्हणतो १.१० म्हणजे मीच. आता एका पत्त्यावर दोघं.

आणि कधी जातं कधी जात नाही त्याचं कारण असं की प्रत्येक कॉम्प्युटर थोडा वेळ लक्षात ठेवतो की १.१० म्हणजे अमुक मॅक ॲड्रेसवालं (म्हणजे बनवणाऱ्या कंपनीनेच दिलेल्या ओळख क्रमांकाचं) मशीन. ती आठवण थोड्या वेळात शिळी होते, मग तो परत नेटवर्कवर हाक मारतो, १.१० कोण आहे रे? ज्याचं उत्तर धरलं जाईल त्याच्याकडे प्रिंट. प्रिंटरचं धरलं तर कागद येतो, दुसऱ्याचं धरलं तर जॉब अडकून बसतो.

पुढे काय करायचं ते नंतर सांगतो, आधी दोन गोष्टी बघून सांगा. राउटरच्या पानावर डीएचसीपीची रेंज कुठून कुठपर्यंत आहे, आणि लीज टाइम किती आहे. आणि प्रिंटर बंद असतानाच कुठल्याही कॉम्प्युटरवरून १.१० ला पिंग करून लगेच कमांड प्रॉम्प्टमधे आर्प मायनस ए मारा, १.१० च्या समोर एक मॅक ॲड्रेस दिसेल तो लिहून ठेवा. त्याची पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात, त्यावरून भाडेकरू कोण ते कळेल.

पिंगवाला

दादा एवढं कशाला, सोपं आहे. राउटरमधे जाऊन डीएचसीपीची रेंज छोटी करा, समजा १०० ते २०० ठेवा. मग प्रिंटरला रेंजच्या बाहेरचा द्या, १९२.१६८.१.२० वगैरे, मॅन्युअलच. राउटर १०० च्या खालचं कुणाला देणारच नाही, विषय संपला. मी गेली कित्येक वर्षं असंच करतोय, एकदाही भांडण नाही.

फक्त मॅन्युअल करताना लोक आयपी टाकतात आणि बाकीचे रकाने तसेच सोडतात ते करू नका. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवेमधे (नेटवर्कच्या बाहेर जायचं दार) राउटरचा आयपी, आणि डीएनएसमधे (नावावरून नंबर शोधून देणारा) पण तोच. गेटवे चुकला तरी ऑफिसातल्या ऑफिसात प्रिंट येतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, मग सहा महिन्यांनी स्कॅन करून ईमेल पाठवायला जातात तेव्हा जात नाही आणि सगळे ईमेलच्या पासवर्डवर डाफरत बसतात.

आणि कुठलापण नंबर चालतो का, तर नाही. पहिले तीन आकडे तुमच्या राउटरशी जुळलेच पाहिजेत (तो मास्क असेल तर). शेवटचा १ ते २५४ मधला, ० आणि २५५ राखीव असतात. आणि राउटरचा स्वतःचा सोडून. एकदा एकाने १९२.१६८ च्या जागी १९२.१८६ टाकला होता, अर्धा दिवस गेला शोधण्यात, डोळ्याला दिसतच नाही.

रिकामा_ट्रे

@पिंगवाला ताई आहे, दादा नाही :)

@जुनी_वायर बघितलं. रेंज १९२.१६८.१.२ ते १९२.१६८.१.२५४ आहे, म्हणजे अख्खीच. लीज टाइमपुढे ८६४०० लिहिलंय, हे काय आहे? आणि तो मॅक ॲड्रेस शोधला तर कंपनी निघाली ती आमच्या दारावरच्या हजेरी मशीनची!! म्हणजे लोकं बोट लावून आत येतात तेच मशीन. ते सोमवारी सगळ्यात आधी चालू होतं, त्याशिवाय कुणी कामालाच लागत नाही. मी दोन आठवडे कारकुनीची पत्रं हजेरी मशीनला छापायला पाठवत होते म्हणायचं.

जुनी_वायर

हा हा, हजेरी लागली असेल पत्रांची.

८६४०० म्हणजे सेकंद, बरोबर चोवीस तास. अंदाज बरोबर निघाला.

आता उपाय. पिंगवाला म्हणतात ते चुकीचं नाही, चालतं, पण मी तुमच्या ठिकाणी असतो तर राउटरमधे रिझर्व्हेशन केलं असतं. कुठे त्याला ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात, कुठे स्टॅटिक लीज, कुठे नुसतं बाइंडिंग, पण चीज तीच. राउटरला सांगायचं की या मॅक ॲड्रेसचं मशीन आलं की त्याला कायम हाच नंबर दे आणि दुसऱ्या कुणाला देऊ नको. प्रिंटर मात्र परत ऑटोवर न्यायचा, हे विसरू नका, नाहीतर तो राउटरला विचारणारच नाही.

फायदा काय तर नंबर कुणाचा कुठला हे एकाच जागी लिहिलेलं राहतं. उद्या तुम्ही रजेवर असताना कुणी बघायला आलं तर राउटरचं एक पान उघडलं की सगळं दिसतं, प्रत्येक मशीनच्या स्क्रीनवर जाऊन मेनू धुंडाळायला नको. गेटवे डीएनएस पण राउटरच देतो त्यामुळे ते रकाने चुकायचा प्रश्न नाही. आणि ही काही नवीन चूष नाही, डीएचसीपी यायच्या आधी १९८५ मधे बूटपी नावाचा प्रकार आला त्यात हेच होतं, कुठल्या मॅकला कुठला आयपी याची एक यादी हाताने लिहून ठेवायची. भाड्याची पद्धत नंतर डीएचसीपीबरोबर ९३ साली आली. म्हणजे रिझर्व्हेशन हीच मूळ गोष्ट आहे.

एक खड्डा मात्र आहे. प्रिंटरला केबलचा मॅक वेगळा असतो आणि वायफायचा वेगळा. मागच्या स्टिकरवर बऱ्याचदा दोन्ही लिहिलेले असतात किंवा नेमका नको तोच असतो. तुम्ही केबल वापरता म्हणून केबलवालाच घ्या. सगळ्यात खात्रीचं म्हणजे प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापून घ्या, त्यावर सगळं येतं.

पिंगवाला

सॉरी ताई :)

@जुनी_वायर रिझर्व्हेशन चांगलंच आहे पण राउटर जळला की काय? नवीन राउटर आणला की यादी गायब, बॅकअप कुणी घेतलेला नसतो. मॅन्युअल टाकलेला प्रिंटर बिचारा आपल्या जागी बसलेला असतो.

जुनी_वायर

बसलेला असतो हे खरं, पण कुठल्या गावात ते बघा की. नवीन राउटर १९२.१६८.०.१ वाला निघाला तर तुमचा मॅन्युअल प्रिंटर १९२.१६८.१.२० वर एकटाच बसलेला असतो आणि कुणालाच दिसत नाही. रिझर्व्हेशनवाला निदान नवीन नंबर घेऊन उभा तरी राहतो, मग यादीत एक ओळ परत टाकली की झालं.

आणि तसा अडकलेला प्रिंटर, त्यात त्याला स्क्रीन नसेल आणि नुसते दोन दिवे असतील, तर मग लॅपटॉपला तात्पुरता त्याच्याच गटातला नंबर द्यायचा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, केबलने थेट प्रिंटरला जोडायचा, ब्राउजरमधे प्रिंटरचा आयपी टाकून त्याचं पान उघडायचं आणि सेटिंग बदलायचं. केलंय मी हे जमिनीवर बसून. त्यानंतर मॅन्युअलचा मोह कमी झाला.

पिंगवाला

बरं बरं, ते मान्य. पण ज्या राउटरमधे रिझर्व्हेशनची सोयच नसते तिथे माझीच पद्धत, ते तरी मान्य करा.

जुनी_वायर

हो, तिथे तीच. आणि मोठ्या नेटवर्कमधे राउटर, स्विच, सर्व्हर अशांना मॅन्युअलच देतात कारण त्यांनी कुणावर अवलंबून उठणं परवडत नाही. प्रिंटर काही त्या रांगेतला नाही, तो दोन मिनिटं उशिरा उठला तर आभाळ कोसळत नाही.

स्पूलर_सम्राट

तुमचं दोघांचं मिटलं असेल तर एक बोलू का, अर्धाच उपाय सांगताय तुम्ही. नंबर पक्का केला तरी त्या आठ कॉम्प्युटरवर काय लिहिलंय? तिथे जुने ९, १४, २३ चे पोर्ट पडून आहेत.

ताई, दरवेळी प्रिंटर नव्याने ॲड करायची गरजच नव्हती. विंडोजमधे प्रिंटर म्हणजे एक नाव, त्याच्यामागे ड्रायव्हर, आणि त्याच्यामागे पोर्ट. आयपी फक्त पोर्टमधे असतो. प्रिंटर प्रॉपर्टीजमधे जा (नुसत्या प्रॉपर्टीज नाही, नावात प्रिंटर असलेल्या), तिथे पोर्ट्स नावाचा टॅब आहे, ॲड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट, नवीन आयपी टाका, खूण त्या पोर्टवर ठेवा, अप्लाय. एक मिनिटाचं काम. टेस्ट पेज निघालं की बाकीच्या तीन कॉप्या डिलीट.

त्या यादीत बघताना काही मशीनवर डब्ल्यूएसडी नावाने सुरू होणारा पोर्ट दिसेल. म्हणजे प्रिंटर आपोआप शोधून ॲड झालेला. तो आयपीवर नाही तर शोधाशोधीवर चालतो, तुम्ही नंबर पक्का करा नाहीतर नका करू त्याला घेणंदेणं नाही. ऑफिसात मी ते सगळे बदलून टीसीपी आयपी करून टाकतो.

अजून एक, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं. त्या पोर्टच्या कॉन्फिगर बटणात एसएनएमपी स्टेटस असं एक चौकोन असतो, खूण केलेली असते. कॉम्प्युटर त्यातून प्रिंटरला विचारतो की बाबा कसा आहेस, आणि प्रिंटरने त्यावर उत्तर दिलं नाही (प्रिंटरमधे एसएनएमपी बंद असेल किंवा त्याचं परवलीचं नाव बदललेलं असेल) तर तो ऑफलाइन दाखवतो, जरी पिंग होत असेल, जरी त्याचं पान ब्राउजरमधे उघडत असेल. तर नंबर बरोबर, पिंग बरोबर आणि तरी ऑफलाइन असं दिसलं की ती खूण काढून बघा. प्रिंट स्वतः जातं ते ९१०० नंबरच्या पोर्टवरून (हा पोर्ट म्हणजे प्रिंटरचं नेटवर्कवरचं दार, विंडोजमधला तो पोर्ट नाही), त्याचा एसएनएमपीशी संबंध नाही.

रिकामा_ट्रे

बापरे. ती पोर्टची गोष्ट कुणी सहा महिन्यांपूर्वी सांगितली असती तर. असो.

केलं सगळं. राउटरमधे १९२.१६८.१.२० रिझर्व्ह केला, मॅक कॉन्फिगरेशन पान छापूनच घेतला (स्टिकरवरचा खरंच वेगळा होता, वायफायचा!). प्रिंटर ऑटोवर नेला, बंद करून चालू केला. आणि आता स्क्रीनवर काय दिसतंय तर १९२.१६८.०.१०३. शून्य! एक नाही शून्य! आमचं सगळं १.काहीतरी आहे, हा ०.काहीतरी कुठून आला? मी परत बंद चालू केला तर १.२० आला. मग तिसऱ्यांदा केला तर परत ०.१०३. मला आता प्रिंटर खिडकीतून टाकावासा वाटतोय.

पिंगवाला

ताई टाकू नका, थांबा. ऑफिसात अजून एखादा राउटर आहे का? जुना वायफायचा डबा कुणी कुठे लावलाय का?

जुनी_वायर

पिंगवाला यांनी नेम बरोबर धरलाय. तुमच्या नेटवर्कवर नंबर वाटणारे दोघं आहेत. नवीन आलेलं मशीन सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतं की मला कुणी नंबर द्या, आणि दोघंही हात पुढे करतात. साधारणपणे ज्याचा आधी पोचला त्याचा घेतला जातो. म्हणून एकदा १.२० आणि एकदा ०.१०३. तुमच्या राउटरने रिझर्व्हेशन पाळलंच, पण प्रिंटरने कधी दुसऱ्याचंच घेतलं.

एक प्रश्न, गेल्या काही दिवसांत लोक अधूनमधून नेट येत नाही अशीपण तक्रार करतायत का?

रिकामा_ट्रे

हो!! तीन-चार दिवस झाले. कधी एकाचं बंद कधी दुसऱ्याचं, मशीन रीस्टार्ट केलं की बहुतेक येतं. मला वाटलं लाइनच खराब आहे.

आणि आत्ता जाऊन बघितलं, मीटिंगच्या खोलीत टेबलाखाली एक जुना राउटर निघाला. आमच्यातल्याच एकाने जुना पडलेला आणून लावला, तिथे मोबाइलला वायफाय नीट येत नाही म्हणून. भिंतीतली केबल त्याच्या चार सारख्या भोकांपैकी एकात घातलीये, पाचवं वेगळ्या रंगाचं आहे ते रिकामं.

जुनी_वायर

मग संपलं, चोर सापडला. ती चार सारखी भोकं म्हणजे लॅन (आतल्या नेटवर्कची), वेगळ्या रंगाचं ते वॅन (बाहेरून इंटरनेट यायचं). लॅनमधे केबल घातली म्हणजे तो तुमच्याच नेटवर्कचा भाग झाला, आणि त्याचं डीएचसीपी चालूच आहे, तर तोपण नंबर वाटत बसलाय. ज्यांना त्याच्याकडून नंबर मिळाला त्यांचा गेटवे तो डबा, आणि डब्याच्या वॅनमधे तर काहीच नाही, म्हणून त्यांचं नेट बंद. कुणालाही तपासायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमधे आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारा, डीएचसीपी सर्व्हर अशी एक ओळ येते, नंबर कुणी दिला ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. सगळ्या मशीनवर ते एकच असलं पाहिजे.

आता त्या डब्याचं काय करायचं ते सांगतो, क्रम महत्त्वाचा आहे. लॅपटॉप केबलने फक्त त्याला जोडा, भिंतीतली केबल काढून ठेवा. त्याच्या पानावर जाऊन आधी त्याचा स्वतःचा लॅनचा आयपी १९२.१६८.१.२ करा. मुख्य राउटरचा १.१ असणार, तो चुकूनही देऊ नका नाहीतर अख्खं ऑफिस बंद पडेल. मग नव्या पत्त्यावर परत आत जाऊन डीएचसीपी बंद करा. लॅपटॉपला आत जाता आलं नाही तर केबल काढून परत लावा. डीएचसीपी आधी बंद केलंत तर लॅपटॉपला नवीन नंबर द्यायला कुणी उरत नाही आणि मग १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा घेऊन बसावं लागतं. तो आकडा कुठेही दिसला, प्रिंटरवर सुद्धा, तरी अर्थ एकच, मी विचारलं पण मला कुणीच नंबर दिला नाही. मग केबल परत लॅनमधेच लावा. आता तो फक्त वायफाय देणारा डबा झाला, नंबर वाटणारा नाही.

आणि हो, मुख्य राउटरची रेंज २ पासून आहे ती आता १०० ते २०० करून टाका, त्या डब्याला दिलेला १.२ हा मॅन्युअल आहे ना, नाहीतर तुमच्या हजेरी मशीनचीच गोष्ट परत. रिझर्व्हेशन १.२० बहुतेक राउटरमधे रेंजच्या बाहेर असलं तरी चालतं, काहींना आतलाच लागतो. तुमचा कुरकुरला तर प्रिंटरला १२० द्या, त्यात काही बिघडत नाही.

पिंगवाला

म्हणजे शेवटी रेंज १०० ते २०० झालीच की :)

जुनी_वायर

झाली. घ्या, हा गोल तुमचा.

कोरा_कागद

मधेच घुसतोय सॉरी. केबल वॅनमधे लावली तर काय होईल? मी घरी तसंच केलंय, दुसरा राउटर वॅनमधून, आणि मोबाइलवरून प्रिंटर दिसतच नाही, पण लॅपटॉपवर आयपी टाकून ॲड केलेला प्रिंट चालतो. डोकं चालत नाही.

जुनी_वायर

बरोबरच आहे ते. वॅनमधे लावल्यावर त्या राउटरच्या मागे एक वेगळंच नेटवर्क तयार होतं. आतून बाहेर जाता येतं, म्हणून थेट आयपी माहीत असलेला लॅपटॉप प्रिंटरपर्यंत पोचतो. पण मोबाइल प्रिंटर शोधतो तो एमडीएनएसने, म्हणजे आसपास कुणी प्रिंटर आहे का अशी हाक मारून, आणि ती हाक आपल्या नेटवर्कच्या भिंतीबाहेर जात नाही. गेस्ट वायफायवर पण प्रिंटर न दिसण्याचं कारण साधारण हेच, तिथे तर मुद्दाम अडवलेलं असतं. दोन राउटरचा एकच नेटवर्क करा किंवा प्रिंटर मोबाइल असतो त्या बाजूला हलवा.

आणि कृपा करून कुणी यावर उपाय म्हणून राउटरमधून प्रिंटरचा ९१०० पोर्ट इंटरनेटला उघडू नका. त्या पोर्टला पासवर्ड वगैरे काही नसतो, जो येईल त्याचं छापतो.

रिकामा_ट्रे

दोन सोमवार वाट बघितली म्हणून उशिरा लिहितेय.

डब्याचं केलं, सांगितलेल्या क्रमानेच. रेंज १०० ते २०० केली, आमच्या राउटरने १.२० चं रिझर्व्हेशन कुरकुर न करता ठेवलं. आठही मशीनवर पोर्ट बदलले, त्यातल्या दोन मशीनवर खरंच डब्ल्यूएसडी निघाला. जास्तीच्या कॉप्या उडवल्या. दोन्ही सोमवारी प्रिंटर १.२० वरच उठला आणि कुणीच ओरडलं नाही, मला जरा चुकल्याचुकल्यासारखंच झालं. नेटची तक्रारपण बंद.

पण स्कॅन मोडलं. प्रिंटरवरून स्कॅन करून माझ्या कॉम्प्युटरच्या फोल्डरमधे जायचं, ते आता कनेक्शन एरर देतं. प्रिंटरचा तर नंबर पक्का आहे, मग?

स्पूलर_सम्राट

स्कॅनमधे उलटं असतं ना. प्रिंट करताना कॉम्प्युटर प्रिंटरला शोधतो, फोल्डरमधे स्कॅन करताना प्रिंटर कॉम्प्युटरला शोधतो. प्रिंटरच्या ॲड्रेस बुकमधे तुमच्या कॉम्प्युटरचा आयपी लिहिलेला असणार, आणि रेंज बदलल्यावर तुमच्या मशीनला शंभराच्या वरचा नवीन नंबर मिळाला. जुना तिथे लिहिलेला तसाच.

आयपीच्या जागी कॉम्प्युटरचं नाव टाकून बघा, काही प्रिंटरला नावाने सापडतं काहींना नाही. नाही सापडलं तर तुमच्या मशीनलापण राउटरमधे रिझर्व्हेशन द्या आणि तो नंबर ॲड्रेस बुकमधे लिहा. बाकी सात जणांनी त्यांच्या फोल्डरचं मागितलं तर मात्र सरळ एका मशीनवर सगळ्यांचे फोल्डर करा, आठ आठ नंबर सांभाळत बसू नका.

रिकामा_ट्रे

नावाने नाही सापडलं, रिझर्व्हेशन दिलं १.२१, लागलीच झालं. तिन्ही जणांचे खूप आभार.

आता हजेरी मशीनलापण रिझर्व्हेशन देऊन टाकू का? ते अजून ऑटोवरच आहे आणि त्याचा हिशेब पण दर महिन्याला माझ्याच कॉम्प्युटरवर त्याच्या आयपीवरून ओढायचा असतो.

पिंगवाला

द्या ताई. १.१० च द्या, सवय झालीये त्याला.